ओटा गेला, त्याबरोबर काय काय गेलं

जळगावच्या एका ताईंचं पत्र आलं, सोबत घराचा नकाशा आणि सहा-सात फोटो. दोन वर्षांपूर्वी त्यांनी कॉलनीत प्लॉटवर बंगला बांधला. अमळनेर तालुक्यातलं धाब्याचं घर सोडून सासूबाई इथे राहायला आल्या. गावात दिवसभर बोलणारी बाई इथे गप्प झाली. खोलीतून बाहेर येत नाही, रात्री झोप नाही, विचारलं तर एवढंच म्हणते, "माले आठे करमत नही," म्हणजे मला इथे करमत नाही. दहावीतला मुलगा अभ्यासाला बसला की अर्ध्या तासात उठतो. स्वतः ताई शाळेत शिकवतात. घरी येऊन स्वयंपाकघरात शिरल्या की त्यांची उगीच चिडचिड होते. नातेवाईक म्हणतात वास्तुदोष आहे, भिंत पाडा. ताईंचा प्रश्न असा की घराच्या रचनेचा मनावर खरंच परिणाम होतो का, आणि होत असेल तर आता काय करायचं?

ताई, होतो. तीस वर्षं मी जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात घरं आखतोय. तुमच्या घरासारखी घरं मीही बांधली आहेत आणि त्यातल्या काहींत पुन्हा जाऊन चुका दुरुस्त केल्या आहेत.

पण सगळ्यात आधी सासूबाईंना डॉक्टरांकडे न्या. गप्प होणं आणि झोप जाणं महिनोन्‌महिने चाललं असेल, तर सगळं घरावर ढकलून थांबू नका. थायरॉइड, बी-12, कान आणि डोळे तपासून घ्या. नैराश्य (डिप्रेशन) हाही औषधाने बरा होणारा आजार आहे. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत फोनसेवा 14416 या क्रमांकावर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. घराची दुरुस्ती उपचाराच्या जोडीने करायची असते.

आता नकाशाकडे येतो. नकाशात मी पहिल्यांदा एकच गोष्ट शोधतो: घरातलं प्रत्येक माणूस दिवसाच्या कुठल्या वेळी कुठे बसतं आणि तिथून त्याला काय दिसतं. तुमच्या नकाशात सोफ्याची, टीव्हीची, गाडीची जागा नीट दाखवली आहे. सासूबाईंची जागा दाखवलेली नाही. खोली आहे, पलंग आहे, पण बसायची जागा नाही. माझ्या मते तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ इथे आहे.

गावातल्या घरी त्यांची जागा ओट्यावर होती, हे तुम्ही लिहिलं नसलं तरी मला ठाऊक आहे, कारण आपल्याकडे ती तिथेच असते. माझं लहानपण चोपड्याकडच्या एका गावात गेलं. आमचा ओटा गल्लीपासून अडीच फूट उंच होता. पुढे शिक्षण झाल्यावर मी टेप घेऊन तो मोजला, तेव्हा त्याची गंमत कळली. अडीच फुटांच्या ओट्यावर मांडी घालून बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून जवळपास पाच फुटांवर येतात, म्हणजे गल्लीतून चालत जाणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला. बसलेल्याला मान वर करावी लागत नाही आणि चालणाऱ्याला वाकावं लागत नाही. "काय जिभाऊ, बाजाराला का?" एवढं बोलणं सहज होतं. बोलायचं नसेल तर आजी नुसती लसूण सोलत बसायची, तिला कोणी आडकाठी केली नाही. बाहेरचं सगळं दिसतं पण बाहेर जावं लागत नाही. कोणी आलं तर भेट होते, पण त्यासाठी पाहुणचार मांडावा लागत नाही. म्हाताऱ्या माणसाला माणसांत राहण्यासाठी एवढंच लागतं, आणि नेमकं तेवढंच ओटा देतो.

तुमच्या घरी ओट्याच्या जागेवर पार्किंग आहे. त्यापुढे सहा फुटांची कंपाउंडची भिंत आणि गेटला आतून पत्रा. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या तरी त्यांना गाडीचा मागचा भाग आणि पत्रा दिसतो. मग त्या खोलीत गेल्या तर नवल काय? वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी इंदूरला अरण्य ही वसाहत आखली, तेव्हा अगदी लहान प्लॉटवरच्या घरांनाही पुढे ओटे ठेवले. पुढे 1995 मध्ये या वसाहतीला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला, आणि 2018 मध्ये दोशींना प्रित्झकर पुरस्कार. गरिबाच्या चिंचोळ्या प्लॉटवरून ओटा काढायचा नाही, हे त्यांना कळलं होतं. आपण मोठ्या प्लॉटवरून तो काढून टाकला.

तेव्हा पहिलं काम गेटचं. पत्रा काढून उभ्या सळया ठेवा. भिंतीचा गेटजवळचा पाच-सहा फुटांचा भाग साडेतीन फुटांपर्यंत उतरवून वर जाळी बसवा. तिथेच आतल्या बाजूला एक ओटा बांधा. जुन्यासारखा अडीच फुटी बांधलात तर त्यांना चढता येणार नाही, म्हणून आधी दीड फूट उंचीचा चौथरा आणि त्यावर बूड टेकायला सोळा-सतरा इंचांचा बाक, कडेला हाताला धरायला पाइप. चढायला सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या. बाकाची खोली दोन फूट ठेवा, मांडी घालता आली पाहिजे. गाडी फूटभर मागे सरकेल, सरकू द्या. शेजारी कडुलिंबाचं झाड लावा. ते मोठं होईपर्यंत हिरवी नेट चालेल.

दुसरं काम त्यांच्या खोलीचं. फोटोत मला जे दिसलं ते खानदेशातल्या हजारो घरांत दिसतं: खोलीला एकच खिडकी आणि त्या एकुलत्या खिडकीत कूलर. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळिसावर जातो, कूलर लागणारच. पण तो जूनमध्ये निघत नाही. पावसाळ्यात त्यावर प्लास्टिक बांधलं जातं, दिवाळीत गवत वाळून काळं पडलेलं असतं, आणि पुढच्या अक्षय तृतीयेला पुन्हा पाणी भरलं जातं. म्हणजे बाराही महिने ती खिडकी बंद. भुसावळला अशाच एका खोलीत मी भर दुपारी प्रकाश मोजला होता. पलंगाजवळ पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आत भरला. बाहेर अंगणात झाडाच्या सावलीतसुद्धा तो दहा हजारांच्या घरात असतो. आपला डोळा सावलीला सरावतो म्हणून हा फरक कळत नाही. शरीराला मात्र तो कळतो.

कसा, तेही सांगतो. डोळ्याच्या पडद्यात बघण्याच्या पेशींखेरीज आणखी एका प्रकारच्या पेशी असतात. त्या चित्र बघत नाहीत, नुसता उजेड किती आहे ते मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. 2002 मध्ये शास्त्रज्ञांनी त्या नेमक्या ओळखल्या. सकाळचा भरपूर उजेड त्यांच्यापर्यंत पोचला तर रात्री वेळेवर झोप येते. दिवसभर अंधुक खोली आणि रात्री डोक्यावर पांढरीफटक ट्यूब असेल तर घड्याळ भरकटतं. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळट होतं आणि आत कमी उजेड जातो, म्हणून म्हाताऱ्या माणसाला तरुणापेक्षा जास्त उजेड लागतो. आपण त्यांना घरातली सगळ्यात अंधारी खोली देतो.

तेव्हा खिडकीतला कूलर काढा. तो बाहेर स्टँडवर ठेवून वरच्या झरोक्यातून डक्ट आत घेता येईल, किंवा उन्हाळ्याचे तीन महिने तो दाराशी लावता येईल. कूलरची हवा बाहेर पडायला समोर दुसरी फट लागते हेही लक्षात ठेवा, नाहीतर खोली दमट होते आणि अंग चिकट. मग खिडकीचा कट्टा उतरवा. तुमच्याकडे तो साडेतीन फुटांवर आहे. पलंगावर पडलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर असतात, त्याला तिथून फक्त स्लॅब आणि पंखा दिसतो. कट्टा दोन फुटांवर आणा, बाहेरून भक्कम ग्रिल लावा आणि काळी काच काढून साधी बसवा. तीन पट्ट्यांच्या सरकत्या अॅल्युमिनियम खिडकीपेक्षा जुनी बिजागरीची झडप कितीतरी बरी, ती पूर्ण उघडते.

खिडकीतून काय दिसतं याला मी एवढं महत्त्व का देतो? रॉजर उलरिच या संशोधकाने 1984 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास छापला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या 46 रुग्णांच्या 1972 ते 1981 या काळातल्या नोंदी त्याने तपासल्या. वय, लिंग वगैरे जुळवून 23 जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, भिंतवाले 8.70 दिवसांत, आणि झाडंवाल्यांना तीव्र वेदनाशामक औषधं कमी लागली. एका रुग्णालयाचा, थोड्या रुग्णांचा हा अभ्यास आहे, त्यावरून झाडाला औषध म्हणता येणार नाही. पण पडून राहिलेल्या माणसासाठी खिडकी कुठे उघडायची हे ठरवताना मला तो नेहमी आठवतो. तुमच्या मागच्या बाजूला शेजाऱ्याची केळीची पाच-सहा खुंटं फोटोत दिसतात. कट्टा उतरवला की ती सासूबाईंच्या नजरेत येतील.

पडून राहणाऱ्यासाठी छत हीच भिंत असते. फिनलंडमध्ये पाइमिओ इथे अल्वार आल्तो या वास्तुविशारदाने क्षयरोग्यांसाठी रुग्णालय बांधलं, ते 1933 मध्ये पूर्ण झालं. रोगी दिवसभर उताणे पडणार म्हणून त्याने छताला डोळ्यांना शांत वाटेल असा गडद हिरवट रंग दिला, दिवे थेट डोळ्यांत येणार नाहीत असे बसवले, आणि शेजाऱ्याची झोपमोड होऊ नये म्हणून पाण्याचा आवाज होणार नाही असं वॉशबेसिनसुद्धा मुद्दाम घडवून घेतलं. तुमच्या खोलीत पलंगाच्या बरोब्बर वर पांढरा एलईडी पॅनेल आहे. तो संध्याकाळनंतर लावू नका. पिवळसर उजेडाचा दिवा भिंतीवर, डोक्याच्या मागे घ्या, आणि बटण पलंगावरून हाताला येईल असं. बटण हाताशी असणं ही साधी गोष्ट नाही ताई. दिवा, पंखा, खिडकी यासाठी दर वेळी सुनेला हाक मारावी लागली की माणूस हाक मारणंच सोडतं.

आता एक असं कारण सांगतो जे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: आवाज. हॉलमध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. आवाज घुमत राहिला तर माझं म्हणणं पटेल. चकचकीत टाइल्स, पीओपी, मोठ्या काचा, गुळगुळीत भिंती, यातलं काहीही आवाज शोषत नाही. तरुण कानाला त्याचं फारसं काही वाटत नाही, पण साठीनंतर ऐकू थोडं कमी यायला लागलं की घुमणाऱ्या खोलीत शब्द एकमेकांत मिसळतात. टीव्ही चालू, मुलगा बोलतोय, तुम्ही स्वयंपाकघरातून काही विचारताय. त्यांना फक्त गोंगाट ऐकू येतो. दोनदा "काय?" म्हणायचं, तिसऱ्यांदा लाजेने हसून गप्प बसायचं, मग खोलीत जायचं. घरातले समजतात त्यांना आता कशात रस राहिला नाही. गावच्या घरात मातीच्या भिंती, लाकडाची कडीपाटाची छपरं, शेणाने सारवलेली जमीन, उतरंड, गोधड्यांचा ढीग. तिथे आवाज घुमायचा नाही. श्रावणात कानबाईच्या उत्सवाला तुमच्या हॉलमध्ये सतरंज्या, गाद्या अंथरल्या असतील, तेव्हा खोलीचा आवाज बदललेला तुमच्याही कानाला जाणवला असेल. जाड कापडाचे पडदे, मोठी सतरंजी, भिंतीवर एक वाकळ, पुस्तकांचं उघडं कपाट, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. धुळ्याला देवपूर भागात मी एका घराला दुमजली उंचीचा हॉल दिला होता. दिसायला देखणा, फोटो काढायला लोक यायचे. पण घरची मंडळी दोन वर्षं मागच्या छोट्या खोलीतच बसत होती. आजोबा मला म्हणाले, "इथं आपला आवाज आपल्यालाच परका वाटतो." तेव्हापासून मी नकाशावर उंचीबरोबर आवाजही बघतो.

टाइल्सचा आणखी एक त्रास आहे. चकाकणारी फरशी म्हाताऱ्या डोळ्यांना ओली दिसते. पाय घसरेल या भीतीने माणूस चालणं कमी करतं, रात्री बाथरूमला उठावं लागू नये म्हणून पाणीसुद्धा कमी पितं. त्यांना एकदा प्रेमाने विचारून बघा. पलंग ते बाथरूम या वाटेवर खरखरीत पट्टी, हाताला धरायला दांडी आणि जमिनीलगत एक मंद दिवा, हे याच आठवड्यात करा.

मुलाच्या बाबतीत थोडक्यात. टेबल भिंतीला लावलंय, पाठ दाराकडे. मागून कोण येतंय या सावधपणात मन अर्धं मागेच राहतं. टेबल असं फिरवा की दार नजरेच्या टप्प्यात राहील आणि खिडकी डाव्या हाताला येईल; उजव्या हाताने लिहिताना सावली पडत नाही. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच फिरवतो. दार-खिडकी बंद करून दोन तास बसलं की डोकं जड होणारच. तासाला दहा मिनिटं खिडकी उघडायची. आणि तुमचं घर रेल्वेलाइनजवळ आहे, म्हणून हे सांगतोच. न्यूयॉर्कमध्ये एका शाळेजवळून उंचावरची आगगाडी जायची. 1975 मध्ये छापलेल्या अभ्यासात दिसलं की रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुलं वाचनात शांत बाजूच्या मुलांपेक्षा मागे होती. पुढे रुळांवर आणि वर्गांत आवाज कमी करण्याचे उपाय झाले आणि तो फरक गेला. मुलाची खोली रुळांकडे आहे, तुमची बेडरूम आतल्या बाजूला. परीक्षेपर्यंत खोल्या बदला. खर्च शून्य.

वास्तुदोषाबद्दल मला नातेवाइकांचं मन दुखवायचं नाही. दिशा महत्त्वाची आहेच, पण सूर्य आणि वाऱ्यामुळे. जळगाव 21 अंश अक्षांशावर आहे. मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो तो. म्हणजे उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन स्लॅब खातो, त्याखालोखाल पूर्व आणि पश्चिमेच्या भिंती. दक्षिणेच्या भिंतीवर तेव्हा ऊन फारसं नसतंच, आणि हिवाळ्यात तिथून कोवळं ऊन आत येतं. दीड-दोन फुटांचा छज्जा असेल तर दक्षिणेची खिडकी आपल्याकडे उत्तम. तुम्हाला ती बुजवायला सांगितलीय, बुजवू नका. आणि नैऋत्येची बेडरूम, जी सगळे आग्रहाने घेतात, तिची पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री अकरापर्यंत ती उष्णता आत सोडत राहते. झोप नीट झाली नाही की दुसऱ्या दिवशी माणूस चिडणारच, त्यात दोष ग्रहांचा नाही, भिंतीचा आहे. जुनं धाबं फूटभर मातीचं असायचं, आपला स्लॅब चार-पाच इंचांचा. गच्चीवर चायना मोझॅक (पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर) किंवा निदान पांढऱ्या चुन्याचे दोन हात उन्हाळ्यापूर्वी द्या. पश्चिमेच्या भिंतीवर वेल चढवा किंवा बाहेरून चिकाचा (बांबूच्या काड्यांचा) पडदा टाका. पडदा आतून लावला तर उष्णता घरात आलेलीच असते.

राहिल्या तुम्ही. आपल्या भाषेत ओटा दोन ठिकाणी असतो, दारापुढे आणि स्वयंपाकघरात. दारापुढचा ओटा गेला आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याने बाईचं तोंड भिंतीकडे केलं. तुमच्या फोटोत काळा ग्रॅनाइट, समोर टाइल्स, वर डोक्याच्या उंचीला कपाटं, पश्चिमेची तापलेली भिंत, आणि घरातली सगळी माणसं पाठीमागे. दिवसभर चाळीस-पन्नास मुलांसमोर उभं राहून आलेल्या बाईला तिथे दीड तास उभं करायचं, आणि मग तिची चिडचिड का होते म्हणून तिनेच स्वतःला दोष द्यायचा! ताई, चूक तुमची नाही. गॅसच्या समोरचं नाही, पण सिंकच्या समोरचं कपाट काढून तिथे अडीच बाय तीन फुटांची खिडकी काढता येईल. नकाशाप्रमाणे ती बाजू उत्तरेची आहे, ऊन फारसं येणार नाही, उजेड येईल. मात्र तोडण्याआधी इंजिनिअरकडून बीम-कॉलम बघून घ्या, आणि गवंड्याच्या "काही होत नाही"वर जाऊ नका. जेवणाच्या खोलीकडची अर्धी भिंत कंबरेपर्यंत उतरवली तर भाकरी थापताना मुलगा समोर दिसेल.

आणि उभ्याने करायची नसलेली कामं, भाजी निवडणं, शेंगा फोडणं, लसूण सोलणं, ही स्वयंपाकघरातून काढून बाहेरच्या नव्या ओट्यावर न्या. सासूबाईंना ती मदत म्हणून मागा, उपकार म्हणून देऊ नका. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला, ऊन उतरलं की.

खर्चाचा क्रम असा ठेवा: कूलर हलवणं, दिव्याचं बटण, बाथरूमची वाट, मुलाची खोली आणि टेबल हे आताच. गेट आणि ओटा आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी, म्हणजे लेकीबाळी माहेरी येतील तेव्हा तो वापरात असेल. ओट्याच्या वर एक मजबूत हुक टाकून ठेवा, झोक्याला लागेल. खिडकी आणि कट्ट्याची तोडफोड पावसाळा संपल्यावर. ओटा बांधायला घेण्याआधी चार दिवस सासूबाई सकाळी आठला, दुपारी चारला आणि संध्याकाळी सातला नेमक्या कुठे असतात ते वहीत टिपून मला पाठवा. ओटा गेटच्या डाव्या हाताला घ्यायचा की उजव्या, ते त्यावरून ठरवू.